भेसळ ओळखणारी नजर

जालन्याहून देऊळगाव राजाकडे किंवा जाफराबादकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेट दिसू लागतात. आतली मिरची, टोमॅटो, काकडी भाजीमंडईत जात नाही, ती बियाण्यासाठी वाढवलेली असते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको स्थापन केली, मागोमाग इतर कंपन्या उभ्या राहिल्या आणि बियाणं हा या जिल्ह्याचा व्यवसाय झाला. पोलाद आणि मोसंबी यांच्या जोडीला जालन्याची ओळख बियाण्याने घडवली. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या व्यवसायातल्या संशोधनावर, संकरित वाणांवर, उलाढालीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते त्यातल्या एका कौशल्याबद्दल. हिशेबाच्या वहीत त्याला वेगळा रकाना नसतो, पण ते नसेल तर बाकी सगळं वाया जातं.

बियाण्याच्या प्लॉटमध्ये एक काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, ते म्हणजे भेसळ काढणं. वाणाशी न जुळणारं झाड शक्यतो फुलोऱ्याआधीच उपटायचं. ते राहून गेलं तर त्याचा पराग शेजारच्या झाडांवर जातो आणि पुढच्या हंगामात कुणाच्या तरी शेतात भलतंच पीक उगवतं. हे काम बहुतेक ठिकाणी बाया करतात. एका सरीतून चालताना शेकडो झाडं मागे पडतात आणि मध्येच एका झाडापाशी हात थांबतो. सगळी झाडं हिरवी, सगळी एकाच दिवशी लावलेली, मग हेच वेगळं कशावरून? विचारलं तर कुणी पानाच्या कडेकडे बोट दाखवतं, कुणी दोन पेरांमधल्या अंतराकडे. कित्येकदा कारण सापडायच्या आधीच झाड खटकलेलं असतं. या खटकण्यामागे मेंदूचं जे काम चाललेलं असतं, ते गेली सत्तरेक वर्षं शास्त्रज्ञ टप्प्याटप्प्याने उलगडत आहेत.

डोळा कॅमेऱ्यासारखा असतो असं शाळेत शिकवतात. भिंगापर्यंत ते ठीक आहे, पुढे मात्र ही उपमा सोडून द्यावी लागते. दृष्टिपटलावर सुमारे बारा कोटी दंडाकार पेशी आणि साठ लाखांच्या आसपास शंक्वाकार पेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात फक्त दहा-बारा लाख. म्हणजे मेंदूपर्यंत पोचायच्या आधी डोळ्यातच मोठी गाळणी लागते. या गाळणीचा नियम स्टीफन कफलर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलावर दाखवून दिला. तिथली प्रत्येक चेतापेशी एका लहानशा वर्तुळाची राखण करते आणि मधला उजेड कडेच्या उजेडाशी ताडून पाहते. दोन्हीकडे सारखंच असेल तर ती जवळजवळ गप्प राहते, फरक असेल तर पेटून उठते. एकसारख्या हिरव्या पट्ट्याबद्दल डोळा मेंदूला फारसं काही कळवतच नाही. जिथे उजेड किंवा रंग बदलतो, तिथली बातमी तो पाठवतो. आपली नजर पहिल्या पायरीपासूनच वेगळेपणाच्या शोधात असते ती अशी.

दुसरी गोष्ट तर सहसा आपल्या लक्षातही येत नाही. हात लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याच्या रुंदीएवढ्याच भागात आपल्याला खरं बारीक दिसतं. त्याच्या बाहेरचं सगळं अंधूक असतं. तरीही समोरचं पूर्ण शेत स्पष्ट दिसल्यासारखं वाटतं, कारण डोळे एका सेकंदात साधारण तीनदा जागा बदलतात आणि मेंदू ते तुकडे जोडत राहतो. सरीतून चालणाऱ्या बाईने प्रत्येक झाड निरखून पाहिलेलं नसतं, तसं शक्यही नसतं. बहुतेक झाडं तिने नजरेच्या कडेने पाहिलेली असतात. नजर नेमकी कुठे वळवायची हे त्या अंधूक भागातल्या खुणांवरूनच ठरतं.

मग आकार कसा ओळखला जातो? १९५८ च्या सुमारास अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल मांजराच्या मेंदूत, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या दृष्टिकेंद्रात, एकेका पेशीचे संकेत ऐकत होते. काचेच्या पट्टीवर काळा ठिपका लावून ते पडद्यावर दाखवत, आणि पेशी काही दाद देत नव्हती. एकदा काचपट्टी यंत्रात सरकवताना पेशी एकाएकी कडाडून बोलू लागली. ठिपक्याचा त्यात काही संबंध नव्हता. काचेच्या कडेची फिकट सावली एका विशिष्ट कोनात पडद्यावरून सरकली होती आणि पेशीला हवी होती ती तीच तिरपी रेघ. पुढे स्पष्ट झालं की दृष्टिकेंद्रातल्या पेशींनी दिशा वाटून घेतलेल्या असतात. कुणी उभ्या कडेला दाद देते, कुणी आडव्या, कुणी मधल्या एखाद्या कोनाला. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

कडा ही मुळाक्षरं झाली. पुढच्या टप्प्यांवर कडांचे कोपरे आणि वळणं बनतात, वळणांचे आकार बनतात, आणि कानशिलाच्या बाजूला असलेल्या भागापर्यंत पोचेपर्यंत ‘मिरचीचं पान’, ‘हात’, ‘चेहरा’ अशा पूर्ण गोष्टींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी भेटतात. हे सगळं फार झपाट्याने होतं. सायमन थॉर्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं, की क्षणभर झळकवलेल्या चित्रात प्राणी आहे की नाही याचा फरक मेंदूच्या विद्युतसंकेतांत सुमारे १५० मिलिसेकंदांत उमटतो. वाहतूक फक्त खालून वर होत नाही. वरच्या टप्प्यांकडून खालीही भरगच्च तंतू येतात. आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपण काय शोधतो आहोत, याचा रंग पाहण्यावरच चढतो.

चेहऱ्याच्या बाबतीत तर मेंदू जन्मतःच तयारी करून येतो. जन्मून काही मिनिटंच झालेली बाळं चेहऱ्यासारख्या मांडणीकडे जास्त वळतात, हे १९७५ मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. शेतातल्या बुजगावण्याच्या मडक्यावर चुन्याचे दोन ठिपके आणि एक आडवी रेघ ओढली की काम भागतं. एवढ्याशा खुणांवर आपला मेंदू माणूस उभा करतो.

सुटे तुकडे एकत्र कसे येतात, हा प्रश्न मला सगळ्यांत रोचक वाटतो. जर्मनीत मॅक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये काही नियम मांडले. जवळजवळच्या गोष्टी एका गटात दिसतात, सारख्या गोष्टी एका गटात दिसतात, एकाच रेषेत पुढे जाणाऱ्या गोष्टी एकत्र दिसतात आणि एकत्र हलणाऱ्याही एकत्र दिसतात. हे नियम पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. भोकरदन किंवा मंठ्याच्या बाजूला फुलीवर लावलेल्या कपाशीच्या शेताच्या कोपऱ्यावर उभं राहावं. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं असल्यामुळे ओळी समोर धावताना दिसतात, आडव्या दिसतात आणि तिरप्याही दिसतात. झाडं तीच असतात, उभं राहण्याची जागा बदलली की मेंदू त्यांची नवी ओळ बांधतो. एसटीच्या खिडकीतून पाहिलं तर या ओळी एकामागून एक उघडत जातात. याच कारणाने प्लॉट एकदा उभा आणि एकदा आडवा फिरून पाहण्याला अर्थ आहे. एका दिशेने जे झाड ओळीत मिसळून गेलेलं असतं, ते दुसऱ्या दिशेने सुटं पडतं.

एकत्र हलण्याचा नियम हरभऱ्यात दिसतो. घाट्यावरची हिरवी अळी रंगाने आणि जाडीने घाट्याशी इतकी जुळते, की वितभर अंतरावरूनही चुकते. ती जराशी सरकली की तिचं सगळं अंग एका गतीने हलतं, घाटा हलत नाही, आणि त्याच क्षणी ती पिकापासून वेगळी दिसते.

हालचालीचं हे महत्त्व आपल्याच देशातल्या एका प्रकल्पाने फार खोलवर दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटीत काम करणारे पवन सिन्हा यांनी उत्तर भारतात ‘प्रोजेक्ट प्रकाश’ सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या आणि उपचारांविना मोठ्या झालेल्या मुलांवर दिल्लीच्या डॉ. श्रॉफ नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या. डोळे उघडले, उजेड आत आला, पण जग लगेच दिसलं नाही. एकमेकांवर चढलेला चौकोन आणि वर्तुळ या मुलांना दोन वस्तू म्हणून दिसत नव्हते. रेघा जिथे छेदतात तिथे तुकडे पडत आणि प्रत्येक तुकडा त्यांना वेगळी वस्तू वाटे. त्यातली एक आकृती हलवली की ती लगेच वेगळी ओळखू येई. पुढे काही महिन्यांच्या अनुभवाने स्थिर चित्रंही उमगू लागली. आधी हालचालीच्या आधाराने मेंदू शिकतो की काय कशाचा भाग आहे, आणि मग न हललेलं जगही उलगडतं.

याच प्रकल्पातून एक जुना प्रश्न सुटला. जन्मांध माणसाने हाताने चाचपून गोळा आणि घन ओळखायला शिकलं असेल, तर दृष्टी येताच नुसतं पाहून त्याला ते ओळखता येतील का, असं आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारलं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत मुलांची परीक्षा घेतली गेली. हाताने ओळखलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी ओळखता आली नाही, उत्तरं जवळजवळ अंदाजाने दिल्यासारखी होती. मात्र काही दिवसांतच ती जोड जमू लागली. म्हणजे पाहणं हे शिकण्याचं काम आहे. आणि त्याचा बराचसा पाया लहानपणीच पडतो. तिरळेपणा, जाड नंबर, जन्मतः असलेला मोतीबिंदू यांकडे ‘मोठं झालं की बघू’ म्हणून काणाडोळा केला, तर डोळा आळशी पडतो आणि पुढे चष्म्यानेही त्याची पूर्ण भरपाई होत नाही.

आता पुन्हा सरीत येऊ. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० मध्ये एक फरक मांडला. हिरव्या खुणांच्या गर्दीत एकच लाल खूण असेल तर ती आपोआप उसळून वर येते. गर्दी दहाची असो की शंभराची, वेळ तेवढाच लागतो. पण शोध दोन गुणांच्या जोडीचा असेल, म्हणजे लालही हवं आणि उभंही, आणि गर्दीत लाल आडवे व हिरवे उभे असे दोन्ही असतील, तर नजर एकेकावर थांबत जाते. गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो.

भेसळही अशी दोन प्रकारची असते. ठेंगण्या वाणात एखादं झाड उंच गेलं, टोमॅटोत एखाद्याचं पान बटाट्याच्या पानासारखं सपाट कडेचं आलं, खाली लोंबणाऱ्या मिरचीत एखादी आभाळाकडे तोंड करून उभी राहिली, तर ते नवख्यालाही दिसतं. खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारात असते. पान थोडं अरुंद आणि पेरावर जांभळी झाक. एकेक गुण इतर झाडांतही थोडाफार आढळतो, दोन्ही मिळून मात्र ते झाड परकं ठरतं. कपाशीत पाकळीचा पिवळेपणा, तळाचा ठिपका, परागाचा रंग, खोडावरची लव आणि बोंडाचं टोक एकत्र धरून निर्णय करावा लागतो. अशा शोधात नवखा माणूस एकेका झाडापाशी अडखळतो. मुरलेल्या बाईला मात्र ही जोडीच एक खूण म्हणून दिसू लागलेली असते. डोमकळी ओळखणाऱ्यांचंही तसंच असतं. शेंदरी बोंड अळीने पाकळ्या आतून बांधून टाकलेलं ते कपाशीचं फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. ज्याची नजर बसली आहे, त्याला ते बांधावरून दिसतं.

हे कौशल्य अनुभवानेच येतं, शब्दांत सांगता येत नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याला आधार आहे. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांतून नर आणि मादी वेगळे करणारे तज्ज्ञ फार प्रसिद्ध आहेत. ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावानेच येते असा समज होता. अर्व्हिंग बीडरमन आणि मॅगी शिफ्रार यांनी १९८७ मध्ये एका जुन्या तज्ज्ञाला बोलतं केलं. पिल्लाच्या शरीराच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी पाहायचं आणि तिथला उंचवटा फुगीर आहे की सपाट, एवढंच सांगणारा एका पानाचा कागद तयार केला. अजिबात अनुभव नसलेल्या लोकांची छायाचित्रांवरची अचूकता त्या एका कागदाने सुमारे ६० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेली. कुठे पाहायचं हे कळलं की निम्मी लढाई जिंकली जाते. प्रत्येक वाणाचा असा एका पानाचा चित्रमय कागद, शुद्ध झाड आणि भेसळीचं झाड शेजारी-शेजारी दाखवणारा, प्लॉटवर टांगायला काय हरकत आहे? आणि तो करताना कागद लिहिणाऱ्याने आधी सरीतल्या जाणत्या बायांना विचारावं. ती माहिती त्यांच्याकडे आहे.

दुसरी अडचण जास्त घातक आहे. कापसाच्या प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटमध्ये भेसळीची झाडं हजारी एक-दोनच्या वर चालत नाहीत. म्हणजे शोधायची गोष्ट अत्यंत विरळ. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रवाशांच्या सामानाच्या क्ष-किरण चित्रांसारखी चित्रं दाखवून लोकांना त्यात हत्यारं-अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत शोधायची वस्तू असे, तेव्हा ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात असे, तेव्हा तीच माणसं सुमारे ३० टक्के वेळा चुकली. डोळे तेच, वस्तू तीच. पण काही सापडत नाही याची सवय झाली की मेंदू ‘नाही’ असा निकाल लवकर देऊ लागतो. यात कामचुकारपणा नसतो, लक्ष देण्याची यंत्रणाच तशी आहे. म्हणून एकाच फेरीवर विसंबून भेसळ सुटली की मजुरावर ठपका ठेवणं अन्यायाचं आहे. रोप लहान असताना, फुलोऱ्याआधी, फुलोऱ्यात आणि फळं धरल्यावर अशा वेगवेगळ्या अवस्थांत फेऱ्या घालण्याची जुनी रीत त्यावरचा खरा उपाय आहे. सूर्य पाठीशी ठेवून चालणं, एका माणसाकडे मोजक्याच ओळी देणं, दुसऱ्या फेरीला माणूस बदलणं यांनाही दृष्टिविज्ञानाचा पाठिंबा आहे.

यंत्रं हे काम करतील का, असा प्रश्न आता विचारला जातो. जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये ह्यूबेल-वीझल यांच्या शोधांवरून संगणकाचं एक जाळं रचलं. आजच्या मोबाइलमधली पानावरचा रोग ओळखणारी प्रणाली त्याच वाटेवरची आहे. तिचा उपयोग होईल, व्हावाही. पण तिला शिकवायला हजारो चित्रं लागतात आणि त्या चित्रांवर ‘हे शुद्ध, ही भेसळ’ असा शिक्का आधी कुणाच्या तरी जाणत्या नजरेनेच मारावा लागतो.

त्या नजरेची काळजी आपण घेतो का, हा माझा खरा प्रश्न आहे. शेडनेटमध्ये भेसळ काढण्यापेक्षाही बारीक एक काम चालतं, क्रॉसिंगचं. टोमॅटोची किंवा मिरचीची उद्या-परवा उमलणारी कळी नेमकी हेरायची, चिमट्याने ती उघडून आतले पुंकेसर काढायचे आणि स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग नराचा पराग लावायचा. टोमॅटोत कळीखालची एक-दोन हिरवी निदलं कापून खूण ठेवतात, म्हणजे तोडणीच्या वेळी कापलेल्या निदलांचं फळ संकरित आणि न कापलेलं बाजूला, हे दिसताच कळतं. काही मिलिमीटरच्या कळीवर दिवसभर हे काम करायचं. चाळिशी उलटली की डोळ्याचं भिंग कडक होत जातं आणि हातावरच्या अंतरातलं अंधूक दिसू लागतं. म्हणजे ज्या वयात मेंदूतली पारख सर्वांत पक्की झालेली असते, त्याच वयात तिला मिळणारं चित्र धूसर होतं. ‘आता जमत नाही’ म्हणत अनेकजणी काम सोडतात, आणि वीस वर्षांत कमावलेली पारख त्यांच्याबरोबर प्लॉटबाहेर जाते.

यावर उपाय साधा आहे आणि तो आजमावून झाला आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या साडेसातशे पानं खुडणाऱ्या मजुरांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची खुडणी इतरांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त भरली. चहाचं पान टोमॅटोच्या कळीपेक्षा कितीतरी मोठं असतं.

जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखं मोठं डोळ्यांचं रुग्णालय आहे, बियाण्यांच्या कंपन्याही इथेच आहेत. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक प्लॉटवर डोळे तपासणीचं एक शिबिर घ्या, आणि चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या हातात चिमट्याबरोबर जवळचा चष्माही द्या.